'ऑफ' म्हणजे नुसतं 'चा' नव्हे! फॉर्मपासून परीक्षेपर्यंत चकवणारा एक छोटा इंग्रजी शब्द

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि सेतू केंद्रांत गर्दी उसळते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, स्कॉलरशिपचा अर्ज, कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म. मुलगा किंवा मुलगी स्क्रीनसमोर, अब्बा कागदांची पिशवी घेऊन मागे उभे आणि अम्मी फोनवर विचारतेय, "झालं का?" त्या स्क्रीनकडे एकदा नीट बघा. 'नेम ऑफ कँडिडेट', 'डेट ऑफ बर्थ', 'प्लेस ऑफ बर्थ', 'प्रूफ ऑफ ॲड्रेस', 'सिग्नेचर ऑफ पॅरेंट', 'एनी वन ऑफ द फॉलोइंग'. जवळपास प्रत्येक ओळीत एक शब्द आहेच, 'ऑफ'.

इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी हा एक. शाळेत आपल्याला एका ओळीत शिकवलं गेलं, ऑफ म्हणजे चा, ची, चे. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. आणि हे अर्धवट शिकणं आपल्या मुलांना दोन ठिकाणी महागात पडतं. एक, फॉर्म आणि कागदपत्रांत. दुसरं, इंग्रजीच्या पेपरात आणि स्पर्धा परीक्षेत. म्हणून आज आपण या एका शब्दाचीच माहिती घेऊ. इंग्रजीची भीती असलेल्या पालकांनीही वाचावं, कारण यातलं बरंचसं आपल्याला आधीपासून येतं. फक्त येतं हे ठाऊक नसतं.

उच्चारापासूनच सुरुवात

आपण 'ऑफ' म्हणतो, पण इंग्रजीत या शब्दातल्या 'एफ' अक्षराचा उच्चार 'व्ह' होतो. बोलताना तो 'अव्ह' असा, अगदी हलका येतो. पंखा 'ऑफ' कर म्हणतो तो शब्द वेगळा. त्यात दोन एफ आहेत आणि उच्चार खरोखरच 'ऑफ' आहे. मराठीत दोन्हींचा उच्चार आपण एकच करतो, म्हणून लिहिताना मुलं एक एफ आणि दोन एफ यांची अदलाबदल करतात. पेपरात हा हमखास जाणारा मार्क.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हे दोन्ही मिळून एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ होता 'पासून दूर'. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे तिथे फ्रेंच भाषेचा पगडा बसला आणि फ्रेंचमधल्या 'द' या शब्दाचं काम, म्हणजे आपल्या 'चा'चं काम, हळूहळू 'ऑफ'कडे आलं. कालांतराने शब्दाचे दोन तुकडे झाले. 'पासून दूर' हा अर्थ दोन एफवाल्याकडे गेला, 'चा' एक एफवाल्याकडे राहिला. पण जुना अर्थ पुरता गेला नाही. तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

उर्दूसारखं उलटीकडून वाचा

मराठीत मालक आधी येतो, वस्तू नंतर. 'शाळेचे मुख्याध्यापक'. घरातल्या दखनीतही तसंच, 'स्कूल के हेडमास्टर'. इंग्रजीत 'ऑफ' आला की क्रम उलटतो. 'द प्रिन्सिपल ऑफ द स्कूल'. वस्तू आधी, मालक नंतर.

मुलं इथे अडखळतात. पण आपल्या मुलांना हा क्रम नवा नसायला हवा. 'ईद-ए-मिलाद' आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो. त्यातला मधला 'ए' म्हणजे फारसीतला 'ऑफ'च. मिलादची ईद, पण ईद आधी आणि मिलाद नंतर. 'शब-ए-बरात', बरातची रात्र. मुंबईत 1874 साली सुरू झालेल्या 'अंजुमन-ए-इस्लाम'चं नावही याच क्रमाचं. अरबीत तर मध्ये वेगळा शब्दही लागत नाही. दोन शब्द शेजारी आले की नातं जुळतं. 'बैतुल्लाह' म्हणजे अल्लाहचं घर, 'रसूलुल्लाह' म्हणजे अल्लाहचे रसूल. घर आधी, अल्लाह नंतर. इंग्रजीत 'हाउस ऑफ अल्लाह'. क्रम तोच.

म्हणून मुलांना एक सोपी युक्ती सांगा. 'ऑफ' असलेली ओळ उर्दूसारखी उलटीकडून, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. 'द नेम ऑफ द फादर ऑफ द कँडिडेट'. शेवटून सुरू करा, उमेदवाराच्या वडिलांचं नाव. दोन-दोन, तीन-तीन 'ऑफ' आले तरी ओळ सुटते. स्पर्धा परीक्षेतले लांबलचक उतारे याच युक्तीने सोपे होतात.

नावातला न दिसणारा 'ऑफ'

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. महाराष्ट्रात नाव लिहायची पद्धत ठरलेली आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. उदाहरणादाखल 'समीर इक्बाल बागवान' असं नाव घ्या. समीर आणि इक्बाल यांच्यामध्ये एक न लिहिलेला 'ऑफ' आहे. इक्बालचा समीर. तो कुणी लिहीत नाही, पण प्रत्येक सरकारी कारकून आणि आता प्रत्येक कॉम्प्युटर तो गृहीत धरतो.

पूर्वी तो लिहायचेही. निकाहाच्या वेळी काझीसाहेब 'बिन' आणि 'बिन्ते' म्हणतात. 'बिन' म्हणजे सन ऑफ, 'बिन्ते' म्हणजे डॉटर ऑफ. आणि हे फक्त आपल्यापुरतं नव्हतं बरं का. मराठेशाहीतले वतनाचे कागद पाहिले तर हिंदू पाटील-देशमुखांच्या नावांमध्येही 'बिन' सापडतो. अमुक बिन तमुक, अमुक गावचा पाटील. जमिनीच्या जुन्या कागदांत 'वल्द' दिसतो, त्याचाही अर्थ तोच. अरबीतला 'ऑफ' शेकडो वर्षं मराठी दप्तरात नांदला. (बिनविरोध, बिनधास्त यांतला 'बिन' मात्र वेगळा. त्याचा अर्थ शिवाय.)

आता बघा, हा न दिसणारा 'ऑफ' आपल्याला कुठे अडचणीत आणतो.

समजा मुलाचं नाव 'अब्दुल रहीम' आहे. 'अब्द' म्हणजे बंदा. 'उल' हा पुढच्या शब्दाशी सांधणारा जोड. रहीम हे अल्लाहचं नाव. पूर्ण नावाचा अर्थ 'रहीमचा बंदा'. नुसतं 'अब्दुल' म्हटलं तर वाक्य अर्ध्यावर तुटतं, 'च्या बंदा', पण कुणाचा? घरी लाडाने म्हणायला हरकत नाही. फॉर्मवर मात्र घोटाळा होतो. पहिल्या रकान्यात 'अब्दुल', मधल्या रकान्यात 'रहीम', शेवटी 'शेख' असं टाइप झालं की महाराष्ट्राच्या पद्धतीने त्याचा अर्थ होतो, अब्दुल, रहीमचा मुलगा. वडिलांचं खरं नाव गेलं कुठे? आणि 'रहीम' नावाचे वडील आले कुठून? जन्मदाखल्यावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं. पुढे पासपोर्ट किंवा नोकरीच्या वेळी हीच गाठ सोडवताना माणूस मेटाकुटीला येतो.

उपाय साधा आहे. 'अब्दुल रहीम' हे सगळं पहिल्याच रकान्यात टाका. जमल्यास जोडून लिहा. शम्सुद्दीन, नूरुद्दीन अशा नावांचंही तेच. 'शम्सुद्दीन' म्हणजे दीनचा सूर्य. त्याचे 'शम्स' आणि 'उद्दीन' असे तुकडे केले की 'उद्दीन' एकटं लोंबकळतं. त्याचा अर्थ जेमतेम 'दीनचा' एवढाच उरतो. मुलाच्या जन्माची नोंद करताना पहिल्याच दिवशी ही काळजी घेतली तर पुढचे वीस वर्षांचे हेलपाटे वाचतात.

'वाइफ ऑफ' की 'डॉटर ऑफ'?

आपल्या बहिणींचा प्रश्न आणखी नाजूक. 'शबाना सलीम मुल्ला' हे नाव वाचून सांगा, सलीम हे शबानाचे वडील की शौहर? कागद सांगत नाही. मधला 'ऑफ' न लिहिलेला, आणि कुठल्या नात्याचा तेही न सांगितलेलं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव असतं. लग्नानंतर कुठे नवऱ्याचं नाव लागतं, कुठे लागत नाही. शरीअतनुसार बाईने लग्नानंतर नाव बदलायची सक्ती नाही, तिची ओळख वडिलांच्या नावाने कायम राहते. महाराष्ट्रात मात्र लग्नानंतर मधलं नाव बदलायची रीत पडलेली. दोन्हींमध्ये कागदं अडकतात. नाव बदलायचं की नाही हा घरचा निर्णय. पण एक काहीतरी ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा. निकाहनामा आणि विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा. दोन नावांमधला 'ऑफ' कुठला, हे सिद्ध करणारा कागद तोच.

पत्त्याच्या आधी येणारी आद्याक्षरंही ओळखून घ्या. 'एस/ओ' म्हणजे सन ऑफ, 'डी/ओ' म्हणजे डॉटर ऑफ, 'डब्ल्यू/ओ' म्हणजे वाइफ ऑफ. 'सी/ओ' मात्र वेगळं, केअर ऑफ. त्याचा अर्थ एवढाच की हे पत्र यांच्या घरी, यांच्यामार्फत पोहोचवा. त्यात नातं सांगितलेलंच नसतं. मामूंच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलाच्या पत्त्यात मामूंचं नाव 'सी/ओ' म्हणून येऊ शकतं. त्यामुळे मामू त्याचे वडील होत नाहीत. आधारच्या पत्त्यात 'सी/ओ' दिसलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, आणि तो नात्याचा पुरावा आहे असंही समजायचं नाही.

आणखी एक. 'सन ऑफ लेट अमुक' असं असेल तर 'लेट' म्हणजे मरहूम. पण 'ऑफ लेट' हे दोनच शब्द वाक्यात आले तर अर्थ होतो 'अलीकडे'. जागा बदलली की अर्थ बदलला.

नवी माहितीही ध्यानात ठेवा. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचं नाव बंधनकारक केलं आहे. क्रम असा, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे आता न दिसणारे 'ऑफ' दोन झाले. आईचा आणि वडिलांचाही.

'पैकी'चा ऑफ: हेलपाटे वाचवणारा

'एनी वन ऑफ द फॉलोइंग'. इथे 'ऑफ'चा अर्थ 'चा' नाही, 'पैकी'. खालीलपैकी कोणतंही एक. खाली आठ कागदांची यादी असते आणि घाबरलेलं घर आठही जमवायला निघतं. लाइट बिल, रेशन कार्ड, बँक पासबुक, भाडेकरार. एक पुरे होतं! 'एनी टू ऑफ' म्हणजे कोणतेही दोन. 'आयदर ऑफ द पॅरेंट्स' म्हणजे आई किंवा वडील, कुणीही एक. अब्बा परगावी असतील तर अम्मीची सही चालते. 'बोथ ऑफ' म्हणजे दोघंही. 'ऑल ऑफ' असेल तर मात्र सगळेच कागद हवेत. यादीच्या वरची ही छोटी ओळ आधी वाचायची सवय लावा. अर्धा दिवस वाचतो, एका दिवसाची मजुरीही वाचते.

हा 'पैकी' परीक्षेतही येतो. 'वन ऑफ माय फ्रेंड' असं लिहिलं की मार्क गेला. एक मित्र, पण अनेक मित्रांपैकी. म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. आणि क्रियापद त्या एकाचं, म्हणून पुढे 'इज', 'आर' नाही. 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स' चूक. एक तर 'मोस्ट स्टुडंट्स' किंवा 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स'. कुठल्या गटापैकी हे 'द' लावून दाखवायचं.

ऑफिसच्या भाषेतले आणखी काही पाठच करून टाका. 'इन फेवर ऑफ' म्हणजे च्या नावे, डिमांड ड्राफ्ट काढताना लागतं. 'ऑन बिहाफ ऑफ' म्हणजे च्या वतीने. 'इन्स्टेड ऑफ' म्हणजे च्या ऐवजी. 'बिकॉज ऑफ' म्हणजे मुळे. 'इन केस ऑफ' म्हणजे झाल्यास. 'पॉवर ऑफ ॲटर्नी' म्हणजे मुखत्यारपत्र.

'चा' जिथे नाहीच

आता कोल्हापुरातच फिरून बघू. टपरीवर 'अ कप ऑफ टी' मागितला. मराठीत 'चहाचा कप' म्हणजे कप, कदाचित रिकामाही. 'कप ऑफ टी' म्हणजे कपभर चहा. इथे ऑफचा अर्थ 'भर'. 'अ बोल ऑफ पांढरा रस्सा' म्हणजे वाटीभर पांढरा रस्सा. 'अ किलो ऑफ मटण' म्हणजे किलोभर मटण. 'वॉटर बॉटल' रिकामी असू शकते, 'अ बॉटल ऑफ वॉटर' भरलेली.

'द सिटी ऑफ कोल्हापूर'. याचा अर्थ 'कोल्हापूरचं शहर' होत नाही. शहर म्हणजेच कोल्हापूर. इथे ऑफ 'नावाचं' एवढंच सांगतो. पण 'द महाराजा ऑफ कोल्हापूर' म्हणजे कोल्हापूरचे महाराज. शब्द तोच, नातं वेगळं. 'ऑन द बँक ऑफ रंकाळा' म्हणजे रंकाळ्याच्या काठावर, आणि 'बँक ऑफ इंडिया' म्हणजे आपली पैसे ठेवायची बँक. इथे फरक 'बँक'च्या दोन अर्थांचा आहे, 'ऑफ' दोन्हीकडे सरळ 'चा'चंच काम करतो.

दिशा सांगतानाही जपा. 'कोल्हापूर इज इन द साउथ ऑफ महाराष्ट्र' म्हणजे कोल्हापूर महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आहे, आतच. 'गोवा इज साउथ ऑफ महाराष्ट्र' म्हणजे गोवा महाराष्ट्राच्या दक्षिणेला, बाहेर. 'इन द' हे दोन शब्द गळले की कोल्हापूर राज्याबाहेर जातं!

वस्तू कशाची बनली हे सांगताना दोन शब्द येतात. कोल्हापुरी चप्पल 'मेड ऑफ लेदर', कारण चप्पल हातात घेतली तरी चामडं दिसतंच. गूळ मात्र 'मेड फ्रॉम शुगरकेन ज्यूस', कारण गुऱ्हाळात रस आटला, रूप पालटलं, आता ढेपेत रस दिसत नाही. मूळ वस्तू ओळखू आली तर ऑफ, ओळखू येईनाशी झाली तर फ्रॉम. चप्पल आणि ढेप आठवली की हा नियम विसरणं अवघड.

वासालाही ऑफ लागतो. 'द रूम स्मेल्स ऑफ अत्तर' म्हणजे खोलीत अत्तराचा वास येतोय. आणि माणसाच्या गुणालाही. 'अ मॅन ऑफ हिज वर्ड' म्हणजे शब्दाचा पक्का. इथे मराठीतलाही 'चा' बरोब्बर जुळतो. 'इट इज काइंड ऑफ यू' म्हणजे हा तुमचा चांगुलपणा. आभार मानायला हे एक वाक्य मुलांना शिकवून ठेवा, मुलाखतीत कामाला येतं.

जुना अर्थ परत येतो: 'पासून दूर'

'दे रॉब्ड हिम ऑफ हिज मनी'. मुलं अर्थ लावतात, त्यांनी त्याच्या पैशाला लुटलं. खरा अर्थ असा की त्याला लुटून पैसे त्याच्यापासून तोडले. सुरुवातीला सांगितलेला जुना 'पासून दूर' तो हाच. 'क्युअर्ड ऑफ' म्हणजे आजारातून बरा, आजार दूर. 'डिप्राइव्ह्ड ऑफ एज्युकेशन' म्हणजे शिक्षणापासून वंचित. 'फ्री ऑफ कॉस्ट' म्हणजे खर्चापासून मोकळं, फुकट. अशी क्रियापदं आली की माणूस आधी येतो आणि त्याच्यापासून जे गेलं ते 'ऑफ'नंतर.

मरणाचं कारण सांगतानाही ऑफ येतो. आजाराने गेला तर सहसा 'डाइड ऑफ', जखमेने गेला तर बऱ्याचदा 'डाइड फ्रॉम'.

आणि काही शब्दांना ऑफ चिकटलेलाच असतो. 'अफ्रेड ऑफ' (ला घाबरणारा), 'टायर्ड ऑफ' (ला कंटाळलेला), 'फाँड ऑफ' (आवड असलेला), 'प्राउड ऑफ' (चा अभिमान असलेला), 'अवेअर ऑफ' (ची जाणीव असलेला), 'केपेबल ऑफ' (करू शकणारा), 'अक्यूज्ड ऑफ' (चा आरोप असलेला). इथे मराठीत कुठे 'ला' आहे, कुठे 'चा', कुठे 'ची'. इंग्रजीत सगळीकडे एकच. ही जोडी पाठच करावी लागते, शॉर्टकट नाही.

उलट, जिथे ऑफ नको तिथे तो घुसतो. 'डिस्पाइट ऑफ' चूक. 'डिस्पाइट' एकटाच पुरे. 'इन स्पाइट ऑफ' मात्र बरोबर. 'कन्सिस्ट्स ऑफ' बरोबर, 'कम्प्राइजेस ऑफ' चूक. परीक्षा घेणाऱ्यांचे हे लाडके सापळे आहेत.

मराठीतला 'चा' इंग्रजीत नेहमी 'ऑफ' नसतो

आता उलट्या बाजूने बघा. 'प्रश्नाचं उत्तर' म्हणजे 'आन्सर टू द क्वेश्चन'. 'दाराची किल्ली' म्हणजे 'की टू द डोअर'. 'इंग्रजीची परीक्षा' म्हणजे 'एक्झाम इन इंग्लिश'. 'मुलींची शाळा' म्हणजे 'स्कूल फॉर गर्ल्स'. 'उद्याचा पेपर' म्हणजे 'टुमॉरोज पेपर'. स्टँडवर 'कोल्हापूरची गाडी' म्हटलं तर ती कोल्हापूरहून आली की कोल्हापूरला चालली, हे मराठीत कळतच नाही. इंग्रजीला मात्र 'फ्रॉम' किंवा 'टू' ठरवावंच लागतं.

'दादांचा फोटो' हे तर तिहेरी कोडं. फोटोत दादा आहेत? फोटो दादांनी काढलाय? की फोटो दादांच्या मालकीचा? इंग्रजीत 'अ फोटो ऑफ दादा' म्हटलं तर फोटोत दादा आहेत. मालकी किंवा काढणारा सांगायचा तर 'दादाज फोटो' किंवा 'अ फोटो ऑफ दादाज' म्हणावं लागतं. आपला 'चा' सगळंच पोटात घेतो. म्हणून 'चा' दिसला की 'ऑफ', आणि 'ऑफ' दिसला की 'चा' हा गुणाकार दोन्हीकडून फसतो.

यातून शिकायचं एकच. शब्दाला शब्द लावू नका, दोन गोष्टींमधलं नातं विचारा. मालकीचं आहे? नावाचं? भरलेपणाचं? पैकीचं? बनवण्याचं? दिशेचं? की तोडण्याचं? नातं कळलं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

घरी काय करता येईल

खर्च शून्य. घरातला कुठलाही एक इंग्रजी कागद घ्या. आधार, बँकेचा फॉर्म, औषधाच्या खोक्यावरची माहिती, शाळेची नोटीस. मुलांना सांगा, यातला प्रत्येक 'ऑफ' पेन्सिलीने गोल कर आणि शेजारी मराठी किंवा उर्दू शब्द लिही. चा, पैकी, भर, नावाचं, पासून. दहा दिवस रोज दहा मिनिटं. अब्बा-अम्मींना इंग्रजी येत नसलं तरी हा अभ्यास घेता येतो, कारण नातं कुठलं हे त्यांना मुलांपेक्षा चांगलं कळतं. त्याच बैठकीत घरातल्या सगळ्यांच्या कागदांवरची नावंही एकमेकांशी ताडून बघा. चूक असली तर आताच दुरुस्त करा, ॲडमिशनच्या आदल्या रात्री नाही.

दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंग दिसतं. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला, त्यातून हे काम उभं राहिलं. खेड्यातली पोरं शहरात येऊन शिकावीत, कागद वाचणारी व्हावीत, यासाठी. 'मुस्लिमांचं बोर्डिंग' असं आपण म्हणतो. इंग्रजीत तिथे 'ऑफ'पेक्षा 'फॉर' जास्त शोभेल, मुस्लिम मुलांसाठी. पण त्यासाठी पुढाकार घेणारे शाहू छत्रपती 'ऑफ कोल्हापूर' होते, सगळ्या कोल्हापूरचे.

लोकशाहीची व्याख्या शाळेत सगळ्यांनीच पाठ केली आहे. लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठी. इंग्रजीत ऑफ, बाय आणि फॉर. तीन छोटे शब्द आणि तीन वेगळी नाती. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीत 'पीपल ऑफ इंडिया' आहे, मराठीत 'भारताचे लोक'. तिथे 'पीपल इन इंडिया' असतं तर अर्थ झाला असता, भारतात असलेले लोक. त्यात पर्यटकही आला, पाहुणाही आला. 'ऑफ इंडिया' म्हणजे या मातीचे, इथलेच. त्या यादीत आपणही आहोत. म्हणून फॉर्म भरताना, नाव लिहिताना, पेपर सोडवताना या छोट्या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. मुलांनाही करू देऊ नका.